पुढचं शून्य

या पुस्तिकेत आपण एक प्लगिन लिहिणार आहोत. एडिटरमध्ये सीएसव्ही फाइल उघडी आहे, कमांड दिली, की शेजारच्या टॅबमध्ये तिची जेसन उघडते. जेसनची एक्सएमएल, एक्सएमएलची पुन्हा सीएसव्ही, यॅमलची टॉमल, हवं ते. ऐकायला एवढंच आहे, आणि नीटनेटकी भरलेली दहा ओळींची नमुना फाइल समोर असेल तर करायलाही एवढंच आहे. तयार लायब्ररीच्या हातात फाइल द्यायची, ती जे परत देईल ते छापायचं. बहुतेक धडे इथेच संपतात.

आपल्या भागातल्या फाइली मात्र नीटनेटक्या नसतात. उल्हासनगर कॅम्प पाचमधल्या जीन्सवाल्याची बिलं, अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीतल्या वर्कशॉपची चलनं, बदलापूरच्या सोसायटीची मेंटेनन्सची थकबाकी, असा माल. निम्मा टॅलीतून निघालेला, निम्मा कुणीतरी एक्सेलमध्ये हाताने भरलेला, मध्येच मराठी, मध्येच इंग्रजी, तारखा तीन तऱ्हेच्या. अशा फाइलीवर तो दोन तासांत लिहिलेला प्लगिन चालवला तर तो एररसुद्धा देत नाही. गुपचूप चुकीचं उत्तर देतो. ही पुस्तिका त्या गुपचूपपणाविरुद्ध लिहिली आहे.

बुवापाडा ही अंबरनाथ पश्चिमेची दाट वस्ती. बाहेरच्या माणसाला अंबरनाथ म्हटलं की अकराव्या शतकातलं शिवमंदिर आठवतं. इथल्या पोरांना आठवते एमआयडीसीची पाळी आणि सकाळची लोकल. बारावीनंतर कोणी एमएस-सीआयटी करतं, कोणी टॅली, कोणी आयटीआयला कोपा ट्रेड घेतं, आणि कल्याण-उल्हासनगरच्या एखाद्या टॅक्स कन्सल्टंटकडे किंवा कारखान्याच्या ऑफिसात कामाला लागतं. हुद्दा काहीही असो, दिवसभराचं काम एकच: या फाइलीतला डेटा त्या फाइलीत नेणं. प्रोग्रामिंगची पुस्तकं हे काम प्रोग्रामिंगमध्ये धरत नाहीत. मी धरतो. फाइल फॉरमॅटबद्दल या मुलांना जे अनुभवाने कळलेलं असतं, ते चार वर्षं इंजिनिअरिंग केलेल्या पुष्कळांना ठाऊक नसतं. त्यांना कमी पडतो तो फक्त कोड.

एक फाइल जवळून पाहू. १ जुलै २०१७ला जीएसटी आला आणि विक्रीचं रिटर्न, म्हणजे जीएसटीआर-१, पोर्टलवर चढवायचं ठरलं ते जेसनमध्ये. दुकानदाराने जेसन हा शब्द ऐकलेला नव्हता आणि ऐकायची गरजही नव्हती. सरकारने ऑफलाइन टूल दिलं, त्यात एक्सेल किंवा सीएसव्ही भरायची, टूल जेसन बनवून देतं. म्हणजे फॉरमॅट बदलणारा प्रोग्राम देशभरातले लाखो लोक दर महिन्याला वापरतात, त्याला फॉरमॅट कन्व्हर्टर म्हणतात हे माहीत नसताना. ई-इनव्हॉइसचंही तेच. १ ऑक्टोबर २०२०ला तो पाचशे कोटींच्या वर उलाढाल असणाऱ्यांना लागू झाला, मर्यादा उतरत उतरत १ ऑगस्ट २०२३ला पाच कोटींवर आली, आणि एमआयडीसीतले मधल्या आकाराचे कारखानेही जेसनच्या टप्प्यात आले.

समजा कॅम्प पाचमधून दिल्लीच्या व्यापाऱ्याला जीन्सचा माल गेला. ऑफलाइन टूलच्या एक्सेलमध्ये 'प्लेस ऑफ सप्लाय'च्या रकान्यात '०७-दिल्ली' असं लिहायचं असतं; जेसनमध्ये फक्त '०७' जातं. महाराष्ट्राचा कोड २७, उत्तर प्रदेशचा ०९, राजस्थानचा ०८. आता एखाद्या हुशार मुलाने एक्सेलमधून डॅशच्या आधीचा भाग कापला, सीएसव्ही केली आणि ती डबल-क्लिक करून पुन्हा उघडली. एक्सेलने ०७चं ७ केलं. सेव्ह केलं की फाइलीतही ७. आमचा साधा प्लगिन ते वाचतो, ७ ही संख्या आहे असं समजून अवतरणचिन्हांशिवाय जेसनमध्ये लिहितो. जेसनच्या व्याकरणात यात काहीच चूक नाही. चूक आहे ती दिल्लीची. पोर्टल फाइल नाकारतं, आणि रिटर्नची शेवटची तारीख उद्या असते.

मसाल्याच्या दुकानदाराकडे हीच गोष्ट हळदीच्या बाबतीत होते. हळदीचा एचएसएन, म्हणजे जीएसटीतला मालाचा कोड, ०९१०. शून्य गळालं की ९१०, आणि असा एचएसएनच नाही. ई-वे बिलाचा क्रमांक बारा आकडी असतो. एक्सेल तो १.८१ई+११ अशा वैज्ञानिक रूपात दाखवतं, आणि सीएसव्ही सेव्ह करताना जे दिसतंय तेच लिहितं. मधले आकडे गेले ते गेलेच, कुठल्याही कन्व्हर्टरला परत आणता येणार नाहीत. पंधरापेक्षा जास्त आकडे असलेला बँक खाते क्रमांक संख्या म्हणून टाकला, तर पंधरा आकड्यांनंतरचे सगळे शून्य होतात. बिल नंबर '४-५' असेल तर त्याचा चार मे होतो. हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. माणसाच्या जनुकांना नावं देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने २०२०मध्ये 'मार्च१' वगैरे जनुकांची नावंच बदलली, कारण एक्सेल त्यांची तारीख करून टाकत होतं आणि त्या चुका शोधनिबंधांत छापून येत होत्या. शास्त्रज्ञांनी जनुकाचं नाव बदललं पण एक्सेल बदलायला २०२३ उजाडलं. तेव्हा कुठे ही आपोआप होणारी रूपांतरं बंद करायची सोय मिळाली.

यातून या पुस्तिकेतला पहिला नियम निघतो: आकडे दिसले म्हणून ती संख्या धरायची नाही. ज्याची बेरीज करता येते ती संख्या. पिन कोड, फोन, खाते क्रमांक, एचएसएन, राज्याचा कोड यांची बेरीज कोणी करत नाही. ते मजकूर आहेत, त्यांना मजकुरासारखंच वागवायचं. आमचा प्लगिन सीएसव्हीतली प्रत्येक गोष्ट आधी मजकूर म्हणून वाचतो. एखादा रकाना संख्येचा आहे हे वापरणाऱ्याने सांगितल्यावरच तो संख्या होतो. यामुळे एक क्लिक वाढते. माझ्या मते ती वाढलेलीच बरी.

आता प्रश्न येतो की हे सगळं एडिटरमध्येच का. फुकट फाइल बदलून देणाऱ्या वेबसाइट कमी नाहीत. न्यूयॉर्क टाइम्सच्या ग्राफिक्स विभागात तेव्हा काम करणाऱ्या शान कार्टर यांचं 'मिस्टर डेटा कन्व्हर्टर' हे पान पत्रकारांत फार वापरलं गेलं. डावीकडे एक्सेलमधला मजकूर चिकटवा, उजवीकडे जेसन घ्या. त्याच नमुन्यावर पुढे सब्लाइम टेक्स्टसाठी प्लगिन झालं, आणि आमचीही कल्पना त्याच वाटेवरची आहे. पण कार्टर यांचं पान डेटा ब्राउझरमध्येच बदलत होतं. आज शोधून सापडणाऱ्या साइटपैकी कोणती फाइल आपल्या सर्व्हरवर चढवून घेते आणि कोणती घेत नाही, हे कन्सल्टंटच्या ऑफिसातल्या मुलाला बाहेरून कळायला मार्ग नाही. त्याच्या फाइलीत दोनशे पार्ट्यांचे जीएसटीआयएन, म्हणजे जीएसटीचे नोंदणी क्रमांक, असतात, आणि जीएसटीआयएनच्या पंधरा अक्षरांतली तिसऱ्यापासून बारावीपर्यंतची दहा म्हणजे त्या पार्टीचा पॅन. वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदा २०२३मध्ये झाला; पण कायदा नसता तरी दुसऱ्याच्या पॅनची यादी अनोळखी साइटवर टाकणं बरं नव्हे. प्लगिन स्वतःच्याच मशीनवर चालतं. लाइट आहे आणि नेट गेलंय, अशा संध्याकाळीही चालतं.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. एडिटरमध्ये फाइल दिसते. एक्सेल फाइल दाखवत नाही, फाइलीबद्दलचं स्वतःचं मत दाखवतं. ०७ आहे की ७, तारखेत आडव्या रेघा आहेत की तिरक्या, ओळीच्या शेवटी एक स्वल्पविराम जास्त आहे का, हे साध्या एडिटरमध्येच कळतं. आधीची फाइल डावीकडे, नंतरची उजवीकडे, आणि मूळ फाइलीला हात लावलेला नाही. जागेवरच बदलायचं असेल तर तशीही कमांड दिली आहे, पण सगळा बदल एका अनडूत मागे गेला पाहिजे, ही अट तिथे पाळली आहे. व्हीएस कोडमध्ये आणि सब्लाइममध्ये एका कमांडचा बदल एकाच पावलात मागे घेता येतो. धडा लिहिणारे बऱ्याचदा ओळ-ओळ बदलत बसतात आणि मग माणसाला तीनशे वेळा कंट्रोल-झेड दाबावं लागतं.

एडिटरांचा इतिहास इथे फार सांगत नाही. ब्राम मोलेनार यांच्या विममध्ये १९९१पासूनच्या परंपरेने एक गोष्ट बसलेली आहे: कोलन, टक्का, उद्गारचिन्ह आणि पुढे कुठल्याही प्रोग्रामचं नाव. उघडलेली सगळी फाइल त्या प्रोग्राममधून जाऊन परत येते. म्हणजे विम वापरणाऱ्याला या पुस्तिकेतलं अर्धं प्लगिन लागतच नाही. पण आपल्याकडच्या ऑफिसात विम वापरणारा माणूस मी पाहिलेला नाही. तिथे असतं नोटपॅड++, २००३पासून डॉन हो यांनी चालवलेलं, आणि आता हळूहळू व्हीएस कोड. नोटपॅड++चं प्लगिन म्हणजे सी++मधली डीएलएल. नवशिक्याला ती चढण फार उभी. व्हीएस कोडचं प्लगिन जावास्क्रिप्टमध्ये लिहितात, सब्लाइमचं पायथनमध्ये. पुस्तिकेत मुख्य काम व्हीएस कोडसाठी आहे आणि सब्लाइमचं रूप शेवटच्या प्रकरणात आहे. एकच काम दोन भाषांत लिहिल्याने फायदा झाला तो असा की दोन्ही भाषा कुठे वेगळं वागतात ते उघडं पडलं.

त्यातलं सर्वांत मजेशीर, आणि सर्वांत धोक्याचं, उदाहरण इथेच देऊन टाकतो. कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या सगळ्यांचा एसटीडी कोड ०२५१. यॅमल फाइलीत कुणी हाताने, अवतरणचिन्हं न घालता, एसटीडी: ०२५१ असं लिहिलं. पायथनमधली प्रचलित पायवायएएमएल लायब्ररी यॅमलची १.१ ही आवृत्ती पाळते, आणि त्या आवृत्तीत शून्याने सुरू होणारे आकडे हे अष्टमान पद्धतीतले समजतात. तिच्या हिशोबाने ०२५१ म्हणजे दोन चौसष्टं, पाच आठं आणि एक: १६९. जावास्क्रिप्टमधली जेएस-यॅमल, २०२१ची चौथी आवृत्ती, १.२च्या नियमांनी चालते; ती म्हणते २५१. एकच ओळ, दोन लायब्ररी, दोन उत्तरं, आणि दोन्ही चूक.

इथपर्यंत ठीक. आता रिटर्नचा महिना घ्या. जीएसटीच्या जेसनमध्ये एप्रिल २०२४ हा महिना ०४२०२४ असा लिहितात. टेस्टसाठी नमुना डेटा यॅमलमध्ये लिहायला सोपा पडतो म्हणून कुणी तो तसाच, उघडा, लिहिला. पायवायएएमएलमधून बाहेर आलं १७४२८. मग त्याने सप्टेंबरचा, ०९२०२४, करून पाहिला, तर तो जसाच्या तसा मजकूर म्हणून आला. कारण अष्टमानात नऊ हा आकडाच नाही, त्यामुळे लायब्ररीने त्याला संख्या मानायचंच सोडून दिलं. म्हणजे प्रोग्राम ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये लिहिला आणि तपासला तर बिनचूक चालणार, आणि जानेवारी ते जुलै या सात महिन्यांत बिघडणार. गंमत पुढे आहे: २०१८ आणि २०१९च्या फाइलींवर तो कधीच बिघडला नसता, कारण वर्षातच आठ किंवा नऊ आहे. शून्याने सुरू होणारे २०१९चे सगळे महिने सुखरूप आणि जानेवारी २०२०पासून गोंधळ, असा बग शोधायला दिला तर चांगला माणूसही ज्योतिषाकडे जाईल.

यॅमल मला आवडत नाही हे एव्हाना लक्षात आलंच असेल. २००१मध्ये माणसांना वाचायला सोपं जावं म्हणून ते निघालं, आणि वाचायला ते खरंच सोपं आहे. पण सोपेपणासाठी त्याने अवतरणचिन्हं ऐच्छिक केली आणि उरलेला अर्थ स्वतः लावायला घेतला. 'नो' लिहिलं की खोटं, 'येस' लिहिलं की खरं. नॉर्वे देशाचा दोन अक्षरी कोड 'एनओ' असल्यामुळे देशांच्या यादीतून नॉर्वे गायब होतो, ही तर जगभर गाजलेली गोष्ट आहे. जीएसटीच्या बिलात रिव्हर्स चार्जच्या रकान्यात वाय किंवा एन असतं, १.१च्या कागदोपत्री नियमाने तेही खरं-खोटं व्हायला हवं, पण पायवायएएमएल एकेरी अक्षरांना सोडून देते. नियम एक, अंमल दुसरा. म्हणून आमचा प्लगिन यॅमल लिहिताना प्रत्येक मजकुराला अवतरणचिन्हं घालतो. फाइल जरा कुरूप दिसते. दिसू दे.

सीएसव्हीला सगळे नावं ठेवतात, आणि तरी जगाचा निम्मा डेटा तिच्यावर चालतो. तिचे नियम लिहून काढले गेले तेच मुळी २००५मध्ये, आरएफसी ४१८० या टिपणात, वापर सुरू होऊन कित्येक वर्षं झाल्यावर. रकान्यात स्वल्पविराम असेल तर रकाना अवतरणचिन्हांत घाला. आत अवतरणचिन्ह असेल तर ते दोनदा लिहा. हार्डवेअरवाल्याच्या यादीतली एक ओळ घ्या, पाऊण इंची पाइपाची, पत्ता आणि रकमेसह:

"पाइप ३/४""","रूम नं. ४, बुवापाडा","१,२५,०००"

इथे रकाने तीन आहेत. स्वल्पविरामावर तोडणाऱ्या कोडला मिळतात सहा. इंचाचं चिन्ह, पत्त्यातला स्वल्पविराम आणि आपल्या पद्धतीने लाखानंतर टाकलेला स्वल्पविराम, तिन्ही एकाच ओळीत. आणि पत्ता दोन ओळींत लिहिला असेल तर रकान्याच्या आतच ओळ बदलते, मग ओळीओळीने वाचणारा कोडही मोडतो. स्वतः सीएसव्ही वाचक लिहायचा मोह या ओळीकडे बघून सोडावा, म्हणून दुसऱ्या प्रकरणात तो मुद्दाम लिहून, मुद्दाम मोडून दाखवला आहे.

त्या ओळीत आणखी एक गोष्ट दडलेली आहे: आकडे देवनागरी आहेत. स्वल्पविराम काढून १२५००० पायथनच्या इंट फंक्शनला दिला तर ते मुकाट्याने सव्वा लाख समजतं. जावास्क्रिप्टच्या नंबरला दिला तर 'ही संख्या नाही' असं उत्तर येतं. जेसनच्या नियमात संख्या इंग्रजी आकड्यांतच लिहावी लागते. म्हणजे मराठी वहीतून आलेल्या रकमा संख्या करायच्या तर आधी आकडे बदलावे लागणार, आणि हा बदल झाल्याचं माणसाला सांगावं लागणार.

मराठी मजकुराचे प्रश्न इंग्रजी धड्यांत सापडत नाहीत, म्हणून त्यांना एक पूर्ण प्रकरण दिलं आहे. एक्सेलला सीएसव्हीतलं देवनागरी नीट दिसायला हवं असेल तर फाइलीच्या सुरुवातीला तीन बाइटांची एक अदृश्य खूण लागते, बॉम म्हणतात ती. नसेल तर नावांच्या जागी चित्रविचित्र चिन्हं येतात. जेसनचं २०१७चं मानक, आरएफसी ८२५९, नेमकं उलट सांगतं: पाठवायच्या फाइलीला ही खूण लावू नका. म्हणजे एकीकडे जाताना खूण लावायची, दुसरीकडे जाताना काढायची. नाही काढली तर पहिल्या रकान्याच्या नावाला ती अदृश्य चिकटून बसते आणि 'नाव' हा रकाना समोर दिसत असून प्रोग्रामला सापडत नाही.

त्याहून नाजूक प्रकार कऱ्हाडचा. हे नाव दोन याद्यांत सारखंच दिसतं, पण एकीत ऱ हे स्वतंत्र अक्षर टाइप केलेलं असतं, दुसरीत र, हलंत आणि त्यापुढे न दिसणारा जोडक. डोळ्याला फरक नाही, संगणकाला ते दोन वेगळे शब्द. याद्या जुळवताना तोच तालुका दोनदा येतो. युनिकोडचं नॉर्मलायझेशन इथे अर्धीच मदत करतं: र आणि खालचा नुक्ता मिळून लिहिलेला ऱ ते एकत्र करतं, जोडकवाला मात्र तसाच राहतो. बरं, चिडून सगळे अदृश्य जोडक पुसून टाकले, तर तसा लिहिलेला दऱ्यांचा दर्या होतो. या एकाच जागी आम्ही मराठीपुरता खास नियम लिहिला आहे आणि तो चालू-बंद करायची सोय ठेवली आहे. श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टांतल्या फाइलींना मात्र हातच घातलेला नाही. त्यांत अक्षरं नसून अक्षरांच्या तुकड्यांचे क्रमांक असतात. ते वेगळं काम आहे, वेगळ्या पुस्तकाचं. प्लगिनला अशी फाइल ओळखता आली तर ते नम्रपणे नकार देतं.

रकाने आणि शब्द एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं, पण आकाराचा प्रश्न राहतोच. सीएसव्ही सपाट असते. जेसन आणि एक्सएमएल फांद्यांचे. एका बिलात दोन दरांच्या वस्तू आहेत: दहा हजारांच्या पाच टक्क्यांवर, वीस हजारांच्या अठरा टक्क्यांवर. कर पाचशे आणि छत्तीसशे, बिल एकूण ३४,१०० रुपयांचं. जेसनमध्ये हे एकच बिल, त्याच्या पोटात दोन नोंदी. सीएसव्हीत मात्र दोन ओळी होतात, आणि दोन्ही ओळींत बिलाची रक्कम ३४,१०० अशीच लिहिलेली असते. त्या रकान्याची बेरीज मारणाऱ्याला विक्री ६८,२०० दिसते. परत फिरताना कोणत्या ओळी मिळून एक बिल होतं हे प्लगिनला कसं कळणार? बिल नंबरवरून, हे सोपं उत्तर. पण दोन वेगळ्या पार्ट्यांनी विकलेल्या मालाचा बिल नंबर एकच असू शकतो. तेव्हा गट कशावर पाडायचा हे माणसानेच सांगायचं. टॅलीच्या एक्सएमएलमध्ये आणखी एक पेच: नावे बाजूची रक्कम उणे चिन्हाने येते, आणि तारीख वर्ष-महिना-दिवस अशी सलग आठ आकड्यांत. जीएसटीच्या जेसनला तारीख दिवस आधी, मध्ये रेघा अशी हवी. ज्याला हिशोब येतो त्याला यात नवल नाही. ज्याला फक्त प्रोग्रामिंग येतं तो उणे रकमा बघून परतावा समजतो.

रचनेबद्दल एकच गोष्ट सांगतो. सहा फॉरमॅट आहेत. प्रत्येकाचा प्रत्येकाशी थेट कन्व्हर्टर लिहायचा तर तीस लिहावे लागतील. मध्ये एक सामाईक रूप ठेवलं की सहा वाचक आणि सहा लेखक, बारांत काम होतं. जॉन मॅकफार्लेन या बर्कलीतल्या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाने २००६मध्ये पॅनडॉक लिहिलं ते याच धर्तीवर, आणि ते आजही चालतं. आम्ही त्या मधल्या रूपात एक भर घातली आहे: प्रत्येक किंमतीबरोबर तिचा मूळ मजकूर, आला तसा, शेवटपर्यंत सांभाळायचा. मेमरी थोडी जास्त लागते. बदल्यात प्लगिन कधीही सांगू शकतं की इथे मुळात ०७ होतं.

आणि सांगतं. रूपांतर झाल्यावर खाली एक छोटी यादी येते: इतक्या रकान्यांत पुढचं शून्य आहे, इतक्या जागी देवनागरी आकडे बदलले, या ओळीत रकाने कमी आहेत. ही यादी दिसू नये म्हणून बंद करायचं बटण मुद्दाम दिलेलं नाही. काहींना ते जाचक वाटेल. कोड मोकळा आहे, त्यांनी ती यादी काढून टाकावी.

पुस्तिका वाचायला व्हेरिएबल, लूप आणि फंक्शन एवढं यावं लागतं. बाकीचं पहिल्या दोन प्रकरणांत येतं. फार मोठ्या फाइली हिच्या आवाक्याबाहेर आहेत. व्हीएस कोड पन्नास एमबीच्या वरची फाइल प्लगिनच्या हाती देतच नाही. तशा कामाला डेटाबेस शिका. पोर्टलच्या फॉरमॅटमध्येही बदल होत राहतात, त्यामुळे इथे दिलेली जीएसटीची उदाहरणं शिकण्यासाठी धरा, रिटर्न भरण्याआधी पोर्टलवरचा ताजा नमुना पाहा.

वाचणाऱ्यांकडे मागणं एक आहे. प्लगिन तयार झाला की त्याला आपल्या ऑफिसातली सर्वांत घाणेरडी फाइल द्या, ज्या फाइलीला सगळे टाळतात ती. सीएसव्हीची जेसन करा, जेसनची पुन्हा सीएसव्ही करा, आणि पहिली व शेवटची फाइल शेजारी ठेवून ओळ न ओळ ताडून पाहा. जिथे फरक पडेल ती ओळ पार्टीचं नाव, जीएसटीआयएन आणि रकमा बदलून टेस्टच्या फोल्डरमध्ये घाला, म्हणजे पुढच्याला ती पुन्हा नडणार नाही.